‘उंदरांना फरक पडला, मग माझ्या मुलाला का नाही?’

पत्र:

ताई नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, अजून दोनचार शब्दच बोलतो. सात महिन्यांपूर्वी जेनेटिक टेस्टमधे फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम निघालं. माझ्या दिरांनी एक लेख पाठवला होता की हाच आजार असलेल्या उंदरांना भरपूर वस्तू असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं तर त्यांचा मेंदू सुधारला. तेव्हापासून मी नोकरी सोडलीये. त्याच्या खोलीत रंगीत फिरते लाइट, गाणी वाजवणारी खेळणी, भिंतभर चित्रं, दिवसभर म्युझिक, सगळं केलंय. पण खोलीत नेलं की तो कान झाकतो, स्वतःचा हात चावतो नाहीतर कपाटामागे जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात मीच कमी पडतीये. उंदरांना फरक पडला मग माझ्या मुलाला का नाही? की आता उशीर झालाय?
— एक आई

उत्तर:

पुढचं नंतर वाचा, आधी त्या खोलीतले फिरते लाइट आणि म्युझिक बंद करून या.

झालं? आता बसा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी कपाटामागे जाऊन बसतो या वाक्यापाशी थांबले, कारण शब्द नसलेलं मूल याहून स्पष्ट काय सांगणार हो. तो तुम्हाला सांगतोय की हे फार होतंय. तुम्ही कमी पडत नाही आहात, उलट जास्त झालंय, आणि ते झालं कारण त्या लेखात उंदरांच्या पिंजऱ्यात नेमकं काय होतं हे बहुतेक कोणी नीट सांगितलंच नाही.

मी स्वतः बरीच वर्षं लॅबमधे उंदरांसोबत काम केलंय, ते पिंजरे रोज उघडलेत, म्हणून हे सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

तुमच्या दिरांनी पाठवलेलं खोटं नाही. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी एफएमआर१ जीन काढून टाकलेले उंदीर, म्हणजे तुमच्या मुलात जो जीन बंद आहे तोच नसलेले, दूध सुटल्यावर दोनेक महिने अशा समृद्ध पिंजऱ्यात वाढवले. जीन नसताना हे उंदीर नव्या जागेत सैरावैरा धावत राहतात, जागा ओळखीची झाली तरी शांत होत नाहीत, आणि त्यांच्या चेतापेशींच्या फांद्यांवरचे जे बारीक काटे असतात, स्पाइन म्हणतात त्याला, ज्यांच्यावर दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोचतो, ते लांबट, बारीक, कच्चे राहतात. समृद्ध पिंजऱ्यात वाढलेल्यांचं वागणं बऱ्याच अंशी नॉर्मल उंदरांसारखं झालं, फांद्या वाढल्या, पक्के काटे जास्त दिसले. आणि हे सगळं जीन नसतानाच बरं का. त्या जीनवरून जे प्रोटीन बनतं ते परत आलं नव्हतं, येणं शक्यच नव्हतं. म्हणून तर हा अभ्यास गाजला.

पण पिंजऱ्यात होतं काय? अशा पिंजऱ्यात सहसा काय असतं ते सांगते. जागा मोठी. चढायला शिडी, आत शिरायला बोगदे, पळायला चाक, कुरतडायला लाकडाचे ठोकळे, घरटं करायला कागदाचे नाहीतर कापसाचे तुकडे, आणि सोबतीला इतर उंदीर. काही दिवसांनी दोनतीन वस्तू बदलायच्या, बाकीच्या तशाच. बस. झगमगणारे लाइट नाहीत, म्युझिक नाही, कोणी उंदराला धरून चाकावर बसवत नाही. नवी वस्तू ठेवली की काय होतं मी शेकडो वेळा बघितलंय, आधी सगळे घरट्यात पळतात, मग एक धीट नाक बाहेर काढतो, वास घेतो, परत आत जातो, परत येतो, दहा मिनिटांनी त्या वस्तूवर चढलेला असतो आणि एखादा असाही असतो जो दुसऱ्या दिवशी येतो, त्याला दुसऱ्या दिवशी येऊ देतात, आणि माझं तर असं मत आहे की त्या पिंजऱ्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू चाक नाही, शिडी नाही, ते घरटं आहे, जिथे परत जाता येतं.

तुमच्या मुलाने स्वतःचं घरटं स्वतःच शोधलंय. कपाटामागे.

आता एक अशी गोष्ट सांगते जी तुमच्यासाठी या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची आहे आणि असल्या लेखांत ती सहसा येत नाही. याच उंदरांना, अगदी याच जीनच्या उंदरांना, मोठा कर्कश आवाज ऐकवला, भोंग्यासारखा, साधारण १२० डेसिबलचा, तर त्यांच्यातल्या कितीतरी जणांना फिट येते. नॉर्मल उंदीर दचकतात आणि सावरतात, हे पिसाट धावतात आणि मग झटके येऊन पडतात. फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांतलं हे इतकं ठरलेलं लक्षण आहे की औषध काम करतंय का हे बघायला लॅबमधे हीच टेस्ट वापरतात. तुमच्या घरातलं म्युझिक १२० डेसिबल नाही, घाबरू नका, मी फिट येईल म्हणून हे सांगत नाहीये. सांगायचंय ते एवढंच की ज्या प्राण्याला शिडी आणि बोगद्याने फायदा झाला त्याच प्राण्याला आवाज सोसत नाही. दोन्ही एकाच मेंदूच्या गोष्टी आहेत.

का असं होतं? बहुतेक लोकांच्या एफएमआर१ जीनमधे सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं साधारण तिसेक वेळा लागोपाठ येतात. ती दोनशेच्या वर गेली की पेशी त्या जीनला कुलूपच लावून टाकते. हे १९९१ साली कळलं. मग एफएमआरपी नावाचं प्रोटीन बनत नाही, आणि त्या प्रोटीनचं मेंदूतलं एक मुख्य काम म्हणजे ब्रेक. पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जोडांवर कुठली नवी प्रोटीन कधी आणि किती बनवायची याला ते आवर घालतं. ब्रेक नाही म्हटल्यावर निरोप आला की प्रतिसाद वाढत जातो, विझत नाही. आपल्याला फॅनचा आवाज पाच मिनिटांनी ऐकू येईनासा होतो ना, सवय होते, तसं या मुलांचं चटकन होत नाही, दहाव्यांदाही तो आवाज पहिल्यांदा आल्यासारखा येतो. त्यातून त्या खोलीत लाइट, गाणी, भिंतभर चित्रं, सगळं एकदम, दिवसभर. मी असते तर मीही कपाटामागे गेले असते.

दुसरा मुद्दा जरा कडू आहे पण तो कळला की तुमच्या छातीवरचं ओझं कमी होईल असं मला वाटतं. लॅबमधे उंदराचा जो साधा, नेहमीचा पिंजरा असतो ना, तो म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा, खाली भुसा, वर दाणे आणि पाण्याची बाटली, कित्येकदा बाकी काहीच नाही. समृद्ध पिंजऱ्याची तुलना होते ती याच्याशी. म्हणजे आपण ज्याला नॉर्मल म्हणतो तीच मुळात उपासमार आहे, अनुभवाची. म्हणून ‘भरपूर वस्तू दिल्या आणि मेंदू सुधारला’ हे वाक्य ‘उपाशी ठेवणं थांबवलं आणि मेंदूने थोडं अंग धरलं’ असंही वाचता येतं, आणि मला तरी ते दुसरं वाचन जास्त प्रामाणिक वाटतं. तुमच्या मुलाला जवळ घेणारी माणसं आहेत, आंघोळ घालताना बोलणारं कोणी आहे, खिडकी आहे, जिने आहेत, माती आहे. तुमचं घर म्हणजे तो प्लॅस्टिकचा डबा कधी नव्हताच! त्यामुळे उंदरांत जेवढी उडी दिसली तेवढी तुमच्याकडे दिसेल अशी अपेक्षाच चुकीची आहे, आणि ती न दिसणं हा तुमचा दोष तर अजिबात नाही.

या विषयाची सुरुवात पण घरातूनच झाली होती. १९४०च्या दशकात डोनाल्ड हेब नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने काही रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, घरी नेले, ते त्याच्या मुलींबरोबर पाळीव प्राण्यांसारखे घरभर फिरत वाढले, आणि नंतर वाट शोधण्याच्या कोड्यांमधे ते लॅबमधल्या रॅटपेक्षा सरस ठरले. साठच्या दशकात अमेरिकेत बर्कलीला मेरियन डायमंड, मार्क रोझेनझ्वाइग वगैरे मंडळींनी दाखवलं की अशा रॅटच्या मेंदूची बाहेरची साल खरोखर जाड होते. तोपर्यंत मोठेपणी मेंदूत बदल होत नाही असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. बघा, हेबने काय खास दिलं होतं? एक साधं घर.

बाकी जनुकीय आजारांतही हे प्रयोग झालेत आणि तिथलं चित्र सरसकट गोड नाही. रेट सिंड्रोममधे, जो मुख्यतः मुलींना होतो, एमईसीपी२ जीन बिघडलेल्या उंदरांना लवकर समृद्ध पिंजऱ्यात ठेवलं तर तोल, हालचाल सुधारते असं एकाहून जास्त गटांना दिसलंय. आजार गेला नाही, हालचाल सुधारली. डाउन सिंड्रोमचा नमुना म्हणून टीएस६५डीएन नावाचे उंदीर वापरतात, त्यांच्यावर स्पेनमधे प्रयोग झाला तेव्हा माद्या जागा लक्षात ठेवायला जरा चांगल्या शिकल्या आणि नर आणखी बिघडले! हो, त्याच समृद्ध पिंजऱ्यात. पुढे त्याच गटाने नरांची पिंजऱ्यातली गर्दी कमी करून बघितलं तर तो बिघाड दिसला नाही. म्हणजे वस्तूंपेक्षा गर्दी आणि धक्काबुक्की त्यांना जड गेली असावी. हा प्रयोग मला फार जवळचा आहे, कारण यात एकाला जे टॉनिक ते दुसऱ्याला ताण हे अगदी उघडं दिसतं, आणि तुमच्या खोलीत नेमकं हेच घडतंय.

आणि उंदरांवरून माणसांवर उडी मारताना सावध का राहायचं त्याचं उदाहरण तुमच्याच आजारातलं आहे. एमग्लुआर५ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, शांत करणाऱ्या औषधांनी फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांत जवळजवळ सगळंच सुधारलं होतं, फिट सुद्धा. सगळं जग आशेने बघत होतं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत ठरलेल्या मोजमापात फायदा दिसला नाही आणि २०१४ साली त्यातल्या एका मोठ्या औषधाचं या आजारासाठीचं काम थांबवलं. औषधाच्या बाबतीत असं होतं तर पिंजऱ्याच्या बाबतीत किती जपून बोलायला पाहिजे. मी आशा काढून घेत नाहीये हां. जीन बिघडला म्हणजे सगळं दगडावर कोरलं गेलं असं नसतं हे या उंदरांनी खरंच दाखवलंय आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवते. फक्त किती फरक, कशात फरक, कोणाला फरक, हे पिंजऱ्यातून वाचता येत नाही, ते तुमच्या मुलाकडे बघूनच कळेल.

तर करायचं काय.

खोली रिकामी करा. सगळी नाही, भिंती मोकळ्या, आवाज करणारी खेळणी बंद डब्यात, समोर तीन नाहीतर चार वस्तू, त्यात एक चढायची किंवा आत शिरायची, एक हाताने दाबायची-ओतायची, एक त्याची सगळ्यात लाडकी जी कधीच बदलायची नाही. आठवड्याने एखादी बदला आणि त्याच्या समोर बदला, तो बघत असताना. कपाटामागची जागा त्याच्याकडून काढून घेऊ नका, उलट तिथे पातळ गादी टाका, उशी द्या, आणि तो तिथे असताना कोणीही ओढून बाहेर काढायचं नाही हा घरातला नियम करा, पाहुण्यांनाही. हालचाल भरपूर हवी, ढकलणं, ओढणं, जिना चढणं, जड उशी उचलणं, याने बरीच मुलं शांत होतात, पण कुठलं किती हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवून ठरवा, कारण ते मूल बघून ठरतं. थेरपिस्ट नवीन असेल तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की कान झाकतो, हात चावतो, केव्हा आणि कशानंतर, शक्यतो मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्या.

बोलताना त्याच्या डोळ्यात बघायचा आग्रह नको. फ्रॅजाइल एक्सच्या मुलांना समोरासमोर नजर फार जड जाते, शेजारी बसा, दोघंही एकाच वस्तूकडे बघा, वस्तूचं नाव सांगा आणि थांबा. खूप वेळ थांबा. आपल्याला ते थांबणं सहन होत नाही, मला माहितेय.

दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. उठणं, खेळ, बाहेर, जेवण, झोप, रोज त्याच क्रमाने, चित्रांची पट्टी करून भिंतीवर लावलीत तर चालेल, ती एकच. क्रम ओळखीचा असेल तर त्याच्या आत एखादी नवी गोष्ट सोसते, सगळंच नवं असेल तर काहीच सोसत नाही.

दोन वैद्यकीय गोष्टी, या पुढे ढकलू नका. या मुलांना कानाचं इन्फेक्शन वारंवार होतं, पडद्यामागे पाणी साठतं, आणि त्याने ऐकू कमी येतं किंवा आवाज नकोसा होतो, तर श्रवणाची तपासणी करून घ्या, बोलणं उशिरा येण्यात त्याचाही हात असू शकतो. आणि साधारण दहातल्या एकदोन मुलांना फिट्सचा त्रास होतो, त्या दर वेळी झटक्यांच्याच असतात असं नाही, मधेच काही सेकंद शून्यात बघत राहिला आणि हाक मारूनही आला नाही असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

उशीर झालाय का विचारलंत. नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. १९९८ साली अमेरिकेत फ्रेड गेज यांच्या लॅबमधे दीड वर्षाचे उंदीर, म्हणजे उंदरांमधले आजीआजोबाच म्हणायचे, समृद्ध पिंजऱ्यात हलवले तेव्हाही त्यांच्या मेंदूच्या स्मरणाच्या भागात नव्या चेतापेशी जास्त दिसल्या. २००७ साली एड्रियन बर्ड यांच्या गटाने रेटचे उंदीर आजारी पडल्यानंतर त्यांचा बंद जीन परत चालू केला, ते बरे झाले, मोठे उंदीर सुद्धा. तुमच्या मुलात जीन चालू करायचा उपाय आज हातात नाही, पण बिघडलेला मेंदू म्हणजे एकदा साचा चुकला आणि संपलं असं मानायचं कारण राहिलं नाही. लवकर सुरू केलेलं चांगलं हे खरं, आणि साडेतीन वर्षं हे लवकरच आहे.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. त्या खोलीसाठी सोडली असेल तर परत विचार करा. ती खोली आता रोज सजवायची नाहीये. त्याच्या थेरपीच्या वेळा सांभाळून अर्धवेळ काही जमत असेल आणि तुम्हाला काम आवडत असेल तर जा. थकलेली, घाबरलेली आई चोवीस तास समोर असण्याने त्याचं काही भलं होत नाही. आणि जीन आईकडून आला असं कोणी म्हणालं असेल तर, मुलग्याला एक्स क्रोमोसोम आईकडूनच येतो, प्रत्येक मुलग्याला, त्यात निवड नसते. जेनेटिक काउन्सेलरला मात्र एकदा भेटा, तुमच्या बहीणभावांनाही कळायला हवं, त्यांच्या पुढच्या निर्णयांसाठी.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाही नातवासाठी काहीतरी करायचंय आणि काय करावं कळत नाहीये, माझा असाच अंदाज आहे. समृद्ध पिंजऱ्यात उंदराला सोबत असते, ती वस्तूंएवढीच धरायची गोष्ट आहे, आणि ती सोबत त्या देऊ शकतात. त्यांना म्हणा, रोज संध्याकाळी पंधरावीस मिनिटं कपाटाशेजारी बसा, त्याच्याकडे अर्धी पाठ करून, हातात त्याची आवडती वस्तू घेऊन स्वतःच खेळत, हाक न मारता. जमिनीवर बसणं जमत नसेल तर बुटकं स्टूल घ्या. पहिले काही दिवस तो येणार नाही. मग कधीतरी हात तेवढा बाहेर येईल, त्यांनी वस्तू त्या हाताजवळ ठेवायची आणि आपलं खेळणं चालू ठेवायचं.